फरशीपासून वीतभर

१

दारव्ह्याला पोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या चौकटीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, गॅसच्या अलार्मला झेंडूची माळ घातलेली होती. दसरा नुकताच झाला होता. खंडेनवमीला आपल्याकडे घरातली सगळी यंत्रं पुजतात. शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, हल्ली लॅपटॉपसुद्धा. तेव्हा अलार्मला कुंकू लागलं यात नवल नव्हतं. फक्त ज्या बारीक जाळीतून तो हवा आत घेतो, नेमकं त्या जाळीवरच हळदकुंकू थापलेलं होतं.

मी खांद्यावरची बॅगही खाली ठेवली नाही. तशीच उभी राहून बघत राहिले.

हे घर माझ्या धाकट्या बहिणीचं, गुंजनचं. मे महिन्यात ती याच स्वयंपाकघरात भाजली आणि यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. एक शब्दही न बोलता गेली. मागे राहिले तिचा नवरा स्वानंद, तो कोर्टात लिपिक आहे, सासूबाई रत्नप्रभाकाकू, आणि नयन, जी तेव्हा पाळण्यात होती आणि आता रांगते. काकूंचे गुडघे कामातून गेलेत. त्यांना खाली बसता येत नाही, वाकता येत नाही. रांगणाऱ्या मुलीमागे कोण धावणार? म्हणून मी कॉलेजात रजा टाकून दिवाळीपर्यंत राहायला आले होते.

"ये भैरवी," काकू खुर्चीतूनच म्हणाल्या.

शेजारच्या बेबीताई बसल्या होत्या. त्यांची शेती गावाबाहेर आणि घर याच गल्लीत. "मास्तरीणबाई आल्या," त्या म्हणाल्या. "आता आमची सर्वायची उजळणी घेतीन. मले तं पावकीच्या पुढं येत नाही बापा, आधीच सांगून ठेवतो."

मी हसले. त्यांनी माझी नजर कुठे लागली आहे ते पाहिलं.

"ते यंत्र पाहून राह्यल्या का? लय कामाचं हाये म्हणते. गॅस सुटला का बोंबलते." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तं वाजलं नोतं म्हणा."

"नाही वाजलं," काकू म्हणाल्या.

एवढंच. दोघी नयनकडे पाहू लागल्या.

हे वाक्य मी मे महिन्यापासून ऐकत होते. तेराव्याला ऐकलं, बसस्टँडवर ऐकलं, यवतमाळला माझ्या स्टाफरूममध्येसुद्धा ऐकलं. कागदावर अपघात असंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कागद कोण वाचतं? लोक म्हणतात, घरात यंत्र होतं. ते वाजलं नाही. म्हणजे गॅस सुटलाच नव्हता. आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं होतं. पुढचं कोणी बोलत नाही. पुढचं बोलायची गरजच पडत नाही.

नयन मोठी होईल. शाळेत जाईल, तिच्या लग्नाच्या गोष्टी निघतील, आणि कोणीतरी अशीच मान तिरकी करून म्हणेल, तुझ्या आईनं तुला पाळण्यात ठेवून दार लावून घेतलं. मला दारव्ह्यात एवढी एकच गोष्ट करायची होती. हे वाक्य तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढून तो अलार्म काढला. चौकटीवरचं सॉकेट दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसाठी केलेलं होतं. अलार्म त्यात खोचला होता.

"अवं, काढतं कायले?" काकूंनी विचारलं.

"काकू, हा इथे वर चालत नाही."

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. मोठ्या शहरात नळातून येणारा गॅस हलका असतो, तो वर छताकडे जातो, तिथे अलार्म उंच लावतात. सिलिंडरचा गॅस जड. तो सांडलेल्या पाण्यासारखा फरशीवर पसरतो, दाराच्या फटीतून दुसऱ्या खोलीत वाहत जातो. त्याच्यासाठी अलार्म लागतो तो खाली. फरशीपासून फार तर वीतभर वर, शेगडीपासून थोडा बाजूला. वर टांगला तर गॅस माणसाच्या कमरेपर्यंत भरला तरी त्याला पत्ता लागायचा नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळं खरं असंन. पण रात्रंदिवस घर राखणारी वस्तू ते. त्याले हळदकुंकू लागलं. पायाशी कसं ठेवावं? झाडू लागते, पोछा लागते, येता-जाता पाय लागते."

"मग पूजा करू नका त्याची."

"असं कसं बोलतं?"

स्वानंद दाढी करता करता दारात आला होता. एका गालाला फेस तसाच. मी जाळी ओल्या फडक्यानं पुसत होते, फडकं पिवळं-लाल होत होतं, आणि तो त्या फडक्याकडे बघत होता.

तेव्हा मला वाटलं होतं की तो लाजला.

घरात आता गॅस नव्हता. मे महिन्यानंतर सिलिंडर परत केला, शेगडी भंगारात गेली, काकू विजेच्या शेगडीवर रांधतात. ओट्याखालची सिलिंडरची जागा रिकामी होती. भिंती नव्यानं रंगवलेल्या. तेव्हा अलार्म कुठे लावायचा हा वाद खरं तर पोकळ होता. तरीही मला तो वर नको होता. खोटी साक्ष देऊन वर माळ घालून मिरवणारा माणूस समोर बसलेला चालला नसता, तसा तोही चालत नव्हता.

सॉकेट शोधताना ओट्याच्या बाजूला, फरशीलगत, एक पांढरी झाकणपट्टी दिसली. मागे सॉकेट असावं, पण ते बंद करून टाकलेलं. मी एक्स्टेंशन बोर्ड घेतला, अलार्म फरशीजवळ आणला आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. मग तांबडा. मग तो वाजायला लागला.

३

मी हसले, हे मला आठवतं. मी घाईनं बटण बंद केलं आणि कारणं शोधायला लागले. माणूस शिकलेला असला की आधी हेच करतो.

फरशी फिनाईलनं पुसली होती. फिनाईलच्या वाफेनं असे अलार्म वाजतात. मी साध्या पाण्यानं फरशी दोनदा पुसली, पंखा लावला, खिडक्या उघडल्या. तो वाजला. मग हिंगाचा डबा, उदबत्तीचा पुडा, काकूंचं गुडघ्याला लावायचं तेल, सगळं उचलून अंगणात नेलं. तो वाजला. जाळीत कुंकू शिरून तो बिघडला असेल म्हणून मी त्याला हॉलमध्ये नेऊन जमिनीवर ठेवलं. हिरवा दिवा, शांत. अंगणात, तुळशीपाशी, शांत. न्हाणीघरात शांत. परत स्वयंपाकघरात आणून चौकटीवर लावलं तरी शांत. तिथून तार सोडत हळूहळू खाली आणलं. छातीपर्यंत काही नाही. कमरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत काही नाही. घोट्याच्या जरा वर तो किंचाळला.

वर घेतला, गप्प. खाली नेला, आवाज.

मी फरशीवर गुडघे टेकून नाक खाली नेलं. वास कसलाच नव्हता. ओल्या फरशीचा असतो तेवढाच.

शेजाऱ्याच्या सिलिंडरचा गॅस मातीतून येत असेल, असं वाटलं. गटारीत वायू होतो, तोही धरतात ही यंत्रं. मी गॅस एजन्सीच्या माणसाला बोलावलं. त्याच्याकडे स्वतःचं मोजायचं यंत्र होतं. त्यानं ते फरशीभर फिरवलं, मोरीच्या तोंडाशी धरलं, मग माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं.

"मॅडम, इथं काहीच नाही. तुमचा पीस खराब आहे. नवीन घ्या."

मी नवीन मागवला. नवाही वाजला. त्याच उंचीला.

४

नयनला मी स्वयंपाकघरात जाऊ देत नव्हते. पण रांगणारं मूल पाठ वळली की निघतं.

एकदा भाजी निवडताना ती हातातून सुटली. मी मागे गेले तर ती स्वयंपाकघराच्या मधोमध बसली होती. रडत नव्हती. हळूच तिनं दोन्ही हात पुढे टाकले, पोटावर झाली आणि गाल फरशीला लावला. तशीच पडून ओट्याखाली बघत राहिली. मग हसली. मुलं ओळखीच्या माणसाला पाहून हसतात ना, तोंड पूर्ण उघडून, तशी.

मी तिला झटकन उचलून घेतलं. माझ्या कमरेपर्यंत वर आल्याबरोबर ती रडायला लागली, आणि हात खाली करून ओढ घेत राहिली.

त्या घरात त्या उंचीवर राहणारं माणूस एकटं तीच होतं. आम्ही सगळे वरचे. काकू खुर्चीत, स्वानंद उभा नाहीतर गाडीवर, मी ओट्यापाशी. खाली काय आहे ते आमच्यापैकी कोणाला कळलं असतं?

मी रोज अलार्म घेऊन बघायला लागले. कोणाला न सांगता. काकू देवळात गेल्या की दार लावून घ्यायचे आणि तार खाली सोडायची. जिथे अलार्म वाजायला लागे ती रेघ घोट्यावरून पोटरीवर आली. मग गुडघ्यावर. एका आठवड्यात ती ओट्याच्या निम्म्यावर पोचली, आणि एके दुपारी अलार्म हॉलमध्येही वाजला, उंबऱ्याच्या अगदी जवळ, जमिनीलगत. ते उंबरा ओलांडून बाहेर आलं होतं. जे काही होतं ते.

दारव्ह्याच्या बाजारात सोयाबीनची आवक चालू होती. गल्लीतून ट्रॅक्टर जात होते, बेबीताईंकडे गडीमाणसं जेवत होती, कोणाच्या तरी लाऊडस्पीकरवर गाणी. मी आमच्या हॉलमध्ये उभी राहून जमिनीकडे बघत होते, आणि मला लख्ख वाटत होतं की मी कशात तरी पोटरीपर्यंत उभी आहे.

त्या संध्याकाळपासून नयनला मी कडेवरून खाली ठेवलंच नाही. झोप आली की बाहेर व्हरांड्यात, उंच दिवाणावर.

५

स्वानंदला मी त्या झाकणपट्टीबद्दल विचारलं. तो व्हरांड्यात स्कूटर पुसत होता.

"ओट्याजवळचं खालचं सॉकेट बंद का केलं?"

"रंगकाम झालं ना ताई, तेव्हा."

"तिथे आधी काय लावलेलं होतं?"

तो आरसा पुसायला लागला. पुसलेलाच आरसा परत.

"स्वानंद."

"अलार्म," तो म्हणाला. "तिनंच लावला होता. मागच्या वर्षी. खालीच लावायचा म्हणाली, डब्यातला कागद वाचून दाखवला मला. तुम्ही सांगितलं तेच सगळं. जड असतो, पाण्यासारखा असतो."

"मग?"

"ती बाळंतपणाला तुमच्याकडे आली, तेव्हा आईनं रंग काढायला घेतला. बाळ घरी येणार म्हणून. पेंटरनं सगळं काढलं, खालचं सॉकेट पट्टीनं झाकून टाकलं. परत लावताना आई म्हणाली, चांगली वस्तू पायाशी नको. वर लाव, गणपतीजवळ." त्यानं फडकं झटकलं. "मी लावला."

"गुंजनला सांगितलं?"

"ती आल्याला चार दिवसही झाले नव्हते ताई. राहून गेलं."

मी भिंतीला टेकले. माझा आवाज चढला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तिला माहीत होतं की हा गॅस वाहतो. म्हणून तिनं दार लावून घेतलं. पाळणा बाहेर हॉलमध्ये होता, आणि मधे एक दार होतं, ते तिनं लावलं. मग फ्रिजची नाहीतर कुठल्या बटणाची ठिणगी पडली असावी, आणि फरशीवर साचलेला गॅस पेटला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की भाजणं पायांकडून वर गेलंय. ते वाक्य मी सहा महिने नुसतं जवळ बाळगलं होतं. आता त्याचा अर्थ माझ्यासमोर उभा होता, हातात फडकं घेऊन.

"हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," मी म्हणाले. "आणि लोक तिच्याबद्दल काय बोलतात तेही माहीत आहे."

"मी कधी बोललो का तसं? एक शब्द तरी?"

"तू कधीच बोलला नाहीस. तेच तर म्हणतेय मी."

"आता बोलून काय होणार? ती परत येणार आहे का? आईला काय वाटेल, या वयात? लोक विसरतील ताई."

"लोक विसरत नाहीत. लोक नयनची वाट बघताहेत. दिवाळीला गल्ली फराळाला येते तुमच्याकडे. सगळ्यांसमोर सांग. एवढंच सांग की यंत्र वर मी टांगलं होतं."

"तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला. "तुम्हाला सोपं वाटतं."

त्यानं स्कूटर सुरू केली. जाताना मला म्हणाला, "आणि तो अलार्म सारखा लावू नका. आईला त्रास होतो."

६

मी खाली वाकायचं टाळत होते. अलार्म वर-खाली करत होते, पण माझं डोकं त्या रेघेच्या वरच ठेवत होते. हे मला स्वतःला कळत होतं. स्वानंद बोलल्यानंतर ते टाळणं मला परवडेना. माझी बहीण ज्यात उभी होती त्यात नाक घालायची माझी तयारी नसेल, तर मी कोणत्या तोंडानं त्याला भित्रा म्हणत होते?

नयनला बेबीताईंकडे दिलं. काकू देवळात. मी स्वयंपाकघरात आले, पदर खोचला आणि ओट्याला धरून हळूहळू खाली बसले. पोहायला शिकताना विहिरीत पायरी पायरीनं उतरतात तशी.

रेघ कमरेच्या वर आली होती. माझी हनुवटी तिच्याखाली गेली आणि वास आला.

वर काहीच नव्हतं. खाली गॅस होता. कुजक्या कांद्यासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा, शंका न ठेवणारा. आणि ऊन होतं. बाहेर आश्विन अखेरची हवा, सकाळी शाल लागत होती, आणि खाली मे महिना पडलेला होता. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास येत होता. हॉलमधून कूलर घरघरत होता. तो कूलर मागच्या अंगणात प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेला मी सकाळीच पाहिला होता.

मी डोकं वर काढलं. गाणी, ट्रॅक्टर, थंड हवा.

परत खाली गेले. घरघर, आणि त्यात मिसळलेला आणखी एक आवाज. जवळचा. तळहात भिंतीवर आपटल्याचा. थप. मग थोडं पुढे, थप. अंधारात बटण शोधतो तसा कोणीतरी भिंत चाचपत होतं.

मी गाल फरशीला टेकला.

ओट्याच्या बाजूला, त्या झाकणपट्टीपाशी, मला एक हात दिसला. मनगटात दोन हिरव्या बांगड्या. तिला बाळंतपणानंतर मीच भरलेल्या. बोटं वीतभर उंचीवर भिंतीवरून सरकत होती, झाकणपट्टीवर थांबत होती, तिच्या कडा चाचपत होती, परत सुरुवात करत होती. त्यापलीकडे, ओट्याच्या सावलीत, खाली वाकलेलं एक डोकं. तिचा चेहरा भिंतीकडे होता. ती वास घेत होती, छोटे छोटे श्वास, जमिनीलगत, सशासारखे. तिला कळलं होतं. तिला वास आला होता, आणि जे वाजायला हवं होतं ते का वाजत नाही, हे ती शोधत होती.

"वर आहे," मी म्हणाले. "गुंजन, वर लावलंय."

हात थांबला.

डोकं माझ्याकडे वळायला लागलं. मी ते पूर्ण वळू दिलं नाही. मी उठले. त्याबद्दल मी अजून स्वतःला काही विचारलेलं नाही.

७

दिवाळीच्या फराळाला गल्ली जमली. हॉलमध्ये माणसं मावत नव्हती. अलार्म दोन्ही कपाटात बंद होते, स्वानंदनं स्वतः ठेवले होते. मी सकाळी सगळे अंघोळीला असताना एकदा बाहेर काढून पाहिलं होतं, तेवढंच. रेघ हॉलमध्ये खुर्चीच्या हातांच्या वर होती.

मी नयनला कडेवर घेऊन दाराबाहेर व्हरांड्यात उभी राहिले. आत गेले नाही. पायऱ्यांवरून हवा खाली अंगणात जाते, तिथे काही साचत नव्हतं. ते मी आधी तपासलं होतं.

"आत या नं बाई, बाहेर काहून उभ्या?" बेबीताई चिवड्याची बशी घेऊन म्हणाल्या. "चकली खाऊन पाहा. दातानं फुटली तं माझी, नाही फुटली तं रत्नाबाईची."

सगळे हसले. काकूसुद्धा हसल्या. त्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, भिंतीला लागून बसल्या होत्या. बाकीच्या बायका उभ्या, कोणी भिंतीला टेकून. काकूंची खुर्ची बसकी आहे, त्यांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून मुद्दाम खालून कापून घेतलेली. मी त्यांच्या हनुवटीकडे बघत होते.

बोलता बोलता बेबीताई सुस्कारल्या. "गुंजन असती तं आज कशी मिरवली असती. काय मनात आलं पोरीच्या, देवच जाणे. यंत्रसुद्धा वाजलं नाही."

काकूंनी तोंड उघडलं. नेहमीचं "नाही वाजलं" म्हणायला, असं मला वाटलं. पण त्यांनी आधी श्वास घेतला. छोटा. मग आणखी एक. नाकपुड्या थरथरल्या. त्यांच्या हातातली बशी कलली आणि शेव मांडीवर सांडली.

"गॅस येऊन राह्यला," त्या म्हणाल्या.

"कुठं काय? तुमच्याकडं तं गॅसच नाही."

"येऊन राह्यला नं. किती येऊन राह्यला." त्यांचा डावा हात खुर्चीवरून खाली गेला आणि भिंत चाचपायला लागला. थप. थोडं पुढे, थप. त्या हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "तिनं खालीच लावलं होतं. इथं, खाली. मीच वर नेलं. म्हटलं पाय लागते, झाडू लागते. मीच म्हटलं. तिले वास आला होता बेबीताई. पोरीले वास आला होता."

बेबीताईंच्या हातातली चकली तशीच राहिली.

मला हलकं वाटायला हवं होतं. याचसाठी मी आले होते. पण त्या म्हाताऱ्या बाईचा हात भिंतीवर फिरताना बघवत नव्हता, आणि त्याच्याही खाली, राग होताच. कारण हे त्यांनी खुशीनं सांगितलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडापर्यंत आलं, तेव्हा त्या बोलल्या.

स्वानंद पुढे झाला. त्यानं आईचा हात धरून मांडीवर ठेवला, शेव झटकली, आणि पाहुण्यांकडे वळून हसला. साहेबांसमोर हसतो तसा.

"आईचं असं होतं हल्ली," तो म्हणाला. "वय झालं. काहीही मनात घेते. तसं काही नव्हतं. घ्या ना, लाडू घ्या."

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बशा हलल्या. कोणीतरी लाडवात खोबरं किती घातलं ते विचारलं. काकू मान वर करून, तोंड शक्य तितकं छताकडे करून बसल्या होत्या, आणि त्यांचा हात स्वानंदच्या पकडीतून परत सुटला होता.

नयननं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मी तिला घट्ट धरलं. तिची बॅग भरून पायरीवर ठेवली होती. संध्याकाळच्या बसनं आम्ही दोघी यवतमाळला जाणार होतो, पण त्याला अजून वेळ होता.

स्वानंद माणसांच्या मधोमध उभा होता, ताठ, लाडवांचं ताट छातीशी धरून. तो उंच आहे, त्या खोलीत सगळ्यांत उंच. पण ते चढतच होतं, आणि मला घाई नव्हती.